दाराला टेकवलेली परात

परात पडली. ती मला ऐकू आली नाही. रेणूला आली.

रेणू तेव्हा पाच महिन्यांची होती. मधल्या खोलीत चटईवर, भिंतीला टेकून मी तिला पाजत होते. दुपारची वेळ, लाइट गेलेली, पंखा थांबलेला. सर्दीने तिचं नाक चोंदलं होतं, त्यामुळे दोन घोट प्यायची, तोंड सोडून श्वास घ्यायची, पुन्हा धरायची. मला डुलकी लागत होती. आणि अचानक तिचं सगळं अंग माझ्या हातात उडालं. मुठी उघडल्या, दोन्ही हात फाकले, ओठांतून दूध ओघळलं. मग मान वळवून ती स्वयंपाकघराच्या पडद्याकडे बघायला लागली.

"काय गं?" मी म्हणाले.

बाळं दचकतात. झोपेतही दचकतात. पण दचकून झालं की पुन्हा पितात. ही पीत नव्हती. एकदा माझ्याकडे बघायची, एकदा पडद्याकडे.

अकराव्या वर्षी मेंदूत ताप गेला आणि माझे दोन्ही कान गेले. तोवर शिकलेलं बोलणं मात्र राहिलं. समोरच्याचे ओठ दिसले की बहुतेक सगळं कळतं. इचलकरंजीच्या ज्या घरात मी लग्न होऊन आले, तिथे तर ते फारच सोपं गेलं. खाली यंत्रमागांचा कारखाना, वर आमच्या तीन खोल्या. मागांच्या खडखडाटात कोणालाच कोणाचं ऐकू येत नाही, म्हणून त्या गल्लीतली सगळी माणसं तोंड मोठं करून आणि हात हलवून बोलतात. मला बघायला आल्या तेव्हा सासूबाई माझ्या आईला म्हणाल्या होत्या, "आमच्यात कान लागतोय कुणाला? डोळं हायत न्हवं पोरीला?" सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. उभं आयुष्य त्यांनी मागावर काढलं होतं.

पण रेणू झाली आणि सगळं बदललं.

"तिला रडणं ऐकू येत नाही, आई," माझी नणंद सुवर्णा माझ्या समोरच म्हणाली. मी ओठ वाचते हे घरातल्यांना माहीत असूनही ते कधीकधी विसरायचे. "रात्री पोर घशाला कोरड पडेपर्यंत रडेल आणि ही झोपून राहील."

त्या दिवसापासून रेणू रात्री आत्तींजवळ झोपायची. पाजायच्या वेळी आत्ती मला हलवून उठवायच्या, पाजून झालं की उचलून न्यायच्या. मी अंथरुणावर बसून रिकामी ओटी सारखी करायची. झोप होत नव्हती ती नव्हतीच. बाळ जवळ असलं तरी नव्हती, नसलं तरी नव्हती.

त्यात माझ्या नवऱ्याला, दयानंदला, चाकणला नोकरी लागली. आम्ही दोघांनी जायचं आणि रेणूला इथेच ठेवायचं, ती बोलायला लागली की न्यायची, असं घरात ठरत आलं होतं. मी नाही म्हणाले. पहिल्यांदाच इतक्या मोठ्याने म्हणाले असेन, कारण सगळ्यांची तोंडं एकदम मिटली.

"बरं," आत्ती म्हणाल्या. "गुरुवारी जैसिंगपूरला साखरपुडा हाय. आमी समदी जातो. तू ऱ्हा एकटी पोरीसंगं. एक दिवस. मग बगू."

तो हा गुरुवार होता.

पडद्याखालून उन्हाची एक पट्टी मधल्या खोलीत यायची. मागचं दार उघडलं की ती रुंद व्हायची. आता ती रुंद झाली होती. मला वाटलं, साखरपुडा लवकर उरकला, आत्ती मागच्या जिन्याने आल्या. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि पडद्याखाली पाय दिसले.

पायांत चपला होत्या.

आमच्या स्वयंपाकघरात देव होते. आत्ती, सुवर्णा, दयानंद, कारखान्यातला कुठलाही माणूस, अगदी गॅस घेऊन येणारा पोरगासुद्धा तिथे चप्पल घालून आला नसता. मी त्या चपलांकडे बघत राहिले. काळ्या, टाचेला झिजलेल्या. त्या जरा थांबल्या, मग फडताळाकडे वळल्या.

मी तोंड मिटलं आणि रेणूला घेऊन उठले.

पुढच्या खोलीत पळाले. पण तिथून पुढे जागाच नव्हती. पुढच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. निघताना आत्तींनीच घातलं होतं. "कोण आलं गेलं तुला कळायचं न्हाई. कुलूप बगून माणूस माघारी जाईल," असं म्हणून किल्ली कनवटीला लावून त्या गेल्या होत्या. ते कुलूप बघूनच हा आला असणार. घर रिकामं आहे असं त्याला आमच्या दारानेच सांगितलं होतं.

पुढच्या खोलीत कापडाचे तागे रचलेले असायचे. त्यांच्यामागे, भिंत आणि तागे यांच्या सांदीत मी शिरले आणि खाली बसले. डोक्यावर भिंतीला कारखान्याचा मेन स्विच होता, लोखंडी दांड्याचा. कामगारांनी परस्पर माग चालू करू नयेत म्हणून मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, तो वर घरातच ठेवला होता. त्याला घरातल्या कोणीही हात लावायचा नाही अशी ताकीद होती.

लपले खरी, पण लपणं म्हणजे काय ते मला नीट माहीत नव्हतं. दिसायचं नाही एवढं कळत होतं. ऐकू जायचं नाही ते कसं करतात? माझा श्वास वाजतो का? बांगड्या? मी बांगड्या कोपरापर्यंत चढवल्या, कातडीत रुतेपर्यंत. रेणूच्या पायांत घुंगरांचे चांदीचे वाळे होते, म्हणून तिची दोन्ही पावलं मुठीत धरली.

एकाच पायात वाळा होता.

दुसरा चटईवर पडला असणार. तिथे ओल्या दुधाचा डागही असेल. आता त्याला कळेल.

ओरडावं असं मनात आलं. पण खाली कोणी नव्हतं. लाइट गेली की माग बंद पडतात आणि सगळे कामगार कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला जातात. आणि माझं ओरडणं टपरीपर्यंत जातं की या खोलीतच विरतं, हेही मला सांगता आलं नसतं. तो मात्र एका भिंतीपलीकडे होता. जे न्यायचंय ते ने बाबा, मी मनात म्हणत होते, घे आणि जा. आत्तींना काही कळू नये. कळलं तर रेणू गेलीच माझ्या हातून. खरं सांगते, त्या क्षणी मला चोरापेक्षा संध्याकाळची जास्त भीती वाटत होती.

मी रेणूला पुन्हा छातीशी लावलं. तोंड भरलेलं असलं की ती गप्प राहील. ती प्यायली नाही. डोळे उघडे ठेवून ऐकत राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत बसले, कारण मला दुसरं काही बघण्यासारखं नव्हतं. जमिनीतून पावलं कळतात म्हणे. कळत नाहीत. खाली स्लॅब आहे. मला फक्त रेणूच्या बुबुळांतून कळत होतं. बुबुळं उजवीकडे गेली, म्हणजे तो कपाटाशी असेल. थोडी स्थिर राहिली. मग हळूहळू सरकत माझ्या डोक्यावरून दाराकडे आली आणि तिथे थांबली.

मी वर पाहिलं.

तो दारात उभा होता. फार मोठा नव्हता, दयानंदच्याच वयाचा असेल. तोंडाला पंचा बांधलेला, नाकापर्यंत. एका हातात पेचकस. दुसऱ्या हाताच्या बोटात रेणूचा वाळा.

तो काहीतरी बोलला. पंचा आत ओढला गेला, बाहेर आला. एवढंच दिसलं.

"मला ऐकू येत नाही," मी म्हणाले.

तो थांबला. मग माणसं करतात तेच त्याने केलं, मोठ्याने बोलला. गळ्याच्या शिरा फुगलेल्या दिसल्या.

"पंचा काढ," मी म्हणाले. "तोंड दिसल्याशिवाय कळत नाही मला."

तो पंचा कसा काढेल? वेडेपणाच होता. पण त्याने हात पंच्यापर्यंत नेला हे मी पाहिलं. नेला आणि तिथेच थांबवला. मग बोलायला लागला. या वेळी हळू, बराच वेळ, मध्येमध्ये थांबत. पेचकसाचा हात त्याने रेणूकडे केला. डोळे आकसले होते. रागाने आकसले असतील किंवा कशानेही. नुसत्या डोळ्यांवरून काही कळत नाही. लोक म्हणतात कळतं, पण मी इतकी वर्षं माणसांची तोंडं बघत आलेय. डोळे सगळ्यांचे सारखेच असतात. माणूस कळतो तो ओठांवर.

त्याने एक पाऊल पुढे टाकलं, तेवढ्यात पंखा फिरला.

लाइट आली होती. क्षणभराने खालचे माग सुरू झाले, कामगार बटणं चालू ठेवूनच चहाला जायचे. ते मात्र स्लॅबमधूनही कळतं, ढुंगणाखाली, पाठीत, दातांत. शेजारचा कारखाना सुरू झाला, समोरचा झाला, सगळी गल्ली थरथरायला लागली. आता मी कितीही ओरडले असते तरी माझ्यात आणि ऐकणाऱ्या बाईत काही फरक उरला नव्हता. त्या गल्लीत त्या वेळी कोणाचंच ओरडणं कोणाला ऐकू गेलं नसतं.

पण एक गोष्ट मी त्या घरात आल्यापासून बघत होते. खडखडाटात कोण मेलं तरी कोणी मान वर करत नाही. मात्र चालता माग थांबला की सगळ्यांची डोकी एकदम वळतात. आणि आमचाच कारखाना थांबला, शेजारचे चालू राहिले, की मागांची देखभाल करणारा जॉबर सिदाप्पा फ्यूज उडाला म्हणून धावत मागच्या जिन्याने वर येतो.

मी रेणूला एका हातात आवळलं, उठले आणि स्विचचा दांडा खाली ओढला.

पायांखालचा थरथराट मेला. घरातला पंखा फिरत राहिला. भिंतीतून शेजारचा थरथराट तेवढा येत राहिला.

तो स्विचकडे बघत होता. मग माझ्याकडे. त्याला समजलं. मला वाटलं, आता तो येईल. मी रेणूचं डोकं माझ्या खांद्यात दाबून पाठ त्याच्याकडे केली, भिंतीला तोंड लावून उभी राहिले आणि वाट बघितली. पाठीला डोळे नसतात. मला तर कानही नव्हते. किती वेळ तशी उभी होते, सांगता येणार नाही. रेणू माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. तिचं पोट माझ्या छातीवर आधी दगडासारखं होतं. मग ते सैल झालं.

मी वळले. तो नव्हता. दारात सिदाप्पा उभा होता, धापा टाकत, पंजा उलटासुलटा करून कारखान्यातल्या खुणेने विचारत होता, काय झालं?

मी दोन बोटं हवेत चालवली, तोंडावर पंचा ओढल्यासारखं केलं, हात मागच्या दाराकडे फेकला. त्याला तेवढ्यावर कळलं. येताना जिन्यात कोणी भेटलं नव्हतं, म्हणून मागून आलेल्या कामगार पोरांना हात करत तो त्याच जिन्याने वर गच्चीकडे पळाला.

तो सापडला नाही. देवघरातला चांदीचा दिवा आणि दयानंदचं घड्याळ गेलं होतं. रेणूचा वाळा मात्र गेला नव्हता. तो तिथेच होता, सर्वांत वरच्या ताग्यावर, मधोमध. पडलेला नव्हता. ताग्यांची रास माझ्या कमरेएवढी उंच होती. वाळा कोणीतरी ठेवला होता.

संध्याकाळी सगळे आले. हवालदारही आले.

"काय म्हणाला तो? धमकी दिली?" त्यांनी दयानंदला विचारलं. मी समोर बसले होते.

"मला विचारा," मी म्हणाले. "तोंड झाकलेलं होतं. कळलं नाही."

"काहीच नाही?"

"बराच वेळ बोलला. कळलं नाही."

हवालदारांनी दयानंदकडे बघून खांदे उडवले आणि ते निघून गेले.

सुवर्णा त्यांच्या जाण्याचीच वाट बघत होती. "मी म्हणत होते की नाही? चोर घरात येऊन उभा राहतो तरी कळत नाही. आणि ही चाकणला जाणार पोर घेऊन. तिथे सिदाप्पा आहे का जिना चढून यायला?"

"तिला कळलं," दयानंद म्हणाला. "कळलं म्हणून तर..."

"नशीब म्हणायचं."

  रेणू आत्तींच्या काखेत होती. घरात पाय ठेवल्या ठेवल्या त्यांनी तिला घेतलं होतं आणि मला वाटलं, झालं. एक दिवस दिला होता, संपला.

आत्ती स्वयंपाकघरात गेल्या त्या बाहेर येईनात. मी पडदा सारला. मागच्या दाराशी त्या उभ्या होत्या. पायाशी स्टीलची मोठी परात उपडी पडली होती आणि तिच्याभोवती चार पेले लवंडले होते. मागच्या दाराची कडी सैल होती. त्यामुळे घराबाहेर पडताना आत्ती नेहमी दाराच्या आतून परात टेकवायच्या आणि तिच्यावर पेले रचायच्या. कोणी दार ढकललं तर मोठा आवाज व्हावा म्हणून. मग पुढच्या दाराने बाहेर पडून कुलूप लावायच्या. त्या दिवशीही त्यांनी तेच केलं होतं.

त्या माझ्याकडे वळल्या. तोंड नेहमीसारखं मोठं करून नाही, अगदी बारीक हलवून म्हणाल्या, "ही कुणासाठी टेकवली हुती मी?"

मला हसू आलं. का आलं कोण जाणे. दिवसभराचं साठलेलं असेल.

"रेणूसाठी," मी म्हणाले. "तिने ऐकली."

आत्ती पेल्यांच्या मध्येच खाली बसल्या. सुवर्णा मागून येऊन आमच्या समोर उभी राहिली. "आई, काय झालं? उठ तिथनं."

"गप बस वाईच," आत्ती म्हणाल्या. "शैला, हिकडं ये."

मी बसले. त्यांनी रेणूला माझ्या मांडीवर ठेवलं, माझा हात धरला आणि तिच्या पोटावर दाबला, बेंबीच्या जरा वर.

"हितं. रडायच्या आदी हितं कडक हुतंय. आदी पोट, मग तोंड. हात ठिवून झोपायचं. आपसुक जाग येतीया."

मी हात तिथेच ठेवला.

"मला तरी कुटं ऐकू येतंय गं?" त्या म्हणाल्या. "मागानं कान खाल्लं माजं कवाच. ही पोरगी रडलेली मी एकदाबी ऐकली न्हाई. हात ठिवूनच झोपतो मी."

"आई!" सुवर्णाने तोंडावर हात ठेवला. "मग तू सांगितलं का नाहीस कधी?"

"काय सांगू? सांगितलं असतं तर माज्याजवळ कुणी झोपवू दिलं असतं तिला?"

 दयानंद खाली वाकून पेले गोळा करायला लागला. आत्तींनी वाळा पदराने पुसला, रेणूच्या पायात घातला आणि घट्ट बसलाय का ते दोनदा ओढून पाहिलं.

"न्हे तिला चाकणला," त्या म्हणाल्या. "झोळीची दोरी बी न्हे. तिकडची दोरी कशी असतीया कुणाला ठावं."

हे मी इथे चाकणला तुकड्यातुकड्यांनी लिहितेय. रेणू शाळेत असते तेव्हा थोडं, ती खेळायला गेली की थोडं. आत्ताही कुकर लावलाय. शिट्ट्या मोजायचं काम तिचं असतं, ती बाहेर असली की मी घड्याळ समोर ठेवते. ती आता सहा वर्षांची आहे. मला काही सांगायचं असलं की हनुवटी धरून माझं तोंड आपल्याकडे वळवते. अजूनही तापात असली की मी तिच्या पोटावर हात ठेवून झोपते. ती झोपेतच म्हणते, "आई, मी मोठी झालेय."

परवा शेजारच्या वहिनी आल्या होत्या. म्हणाल्या, टीव्हीवर एक पिक्चर लागलाय, ऐकू न येणारी बाई घरात एकटी असते आणि बाहेर एक मारेकरी. लावा म्हणाल्या, तुम्हाला आवडेल. मी लावला. खाली अक्षरं येत होती. रेणू माझ्या कुशीत बसून बघत होती. बाई पळत होती, लपत होती, फार शूर होती. थोड्या वेळाने मी बंद केला. डोळे मिटत होते माझे.

"आपल्याकडे पण आला होता ना चोर?" रेणूने विचारलं. ही गोष्ट तिला दयानंदने कधीतरी अर्धवट सांगितली होती.

मग मी तिला सगळी सांगितली. परात, चपला, तागे, स्विच. तिच्या डोळ्यांकडे बघून मला कसं कळत होतं ते. ती आपले डोळे उजवीकडे डावीकडे फिरवून बघत होती. वाळा आणून दाखवला, आता तो तिच्या दोन बोटांत जेमतेम जातो. तिने तो हातात घेतला, उठली, दांडीवरचा टॉवेल ओढला आणि तोंडाला बांधून दारात उभी राहिली. चोर झाली. एक पाऊल पुढे टाकलं. टॉवेल आत गेला, बाहेर आला.

"तोंड दिसत नाहीये गं, राणी," मी म्हणाले. "काय म्हणतेस?"

त्या दिवशी त्या खोलीत तो जे बोलला ते ऐकणारं माणूस एकच होतं. तिने टॉवेल हनुवटीखाली ओढला, माझ्याजवळ आली आणि दोन्ही हातांनी माझा चेहरा धरून, मला नीट दिसावं म्हणून प्रत्येक शब्द सावकाश म्हणाली,

"मी विचारलं, तो आपल्याला काय म्हणाला होता?"